पदाधिकारी

पायांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात नवा माणूस शिरला की मुलं आधी त्याचे बूट बघतात आणि मग तोंड. त्यात उद्धटपणा काही नसतो. टाच आतून झिजलीय की बाहेरून, यावरून माणूस कसा चालतो ते कळतं, आणि हे कळण्यासाठी त्यांनी वर्षाला एकेका मोटारगाडीएवढी फी भरलेली असते. मात्र बूट बघून झाल्यावर ज्याने मान वर करून हात पुढे केला, आपलं नाव, वर्ष आणि हुद्दा एका दमात सांगितला आणि तुम्ही नको म्हणायच्या आत तुमच्या हातात पिझ्झाची कागदी प्लेट ठेवली, तो विद्यार्थी संघटनेचा पदाधिकारी समजावा.

मी अमेरिकेतल्या अशाच एका कॉलेजच्या विद्यार्थी कचेरीत काम करते. कुठल्या ते सांगत नाही. सबंध देशात ही कॉलेजं इतकी थोडी आहेत, की पायाची बोटं मोजायला घेतली तर दहा संपून एकच उरतं. नाव सांगितलं की माणूस सापडलाच. खोल्यांची आरक्षणं, खर्चाच्या पावत्या, क्लबांचे अर्ज, सह्या आणि शिक्के हे माझं खातं. संघटनेचा अध्यक्ष दर वसंतात नवा निवडून येतो आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलासमोर उभा राहून ‘या वर्षी आपण सगळं बदलणार आहोत’ असं जाहीर करतो. मी त्याला करमाफीचा फॉर्म देते.

हा फॉर्म म्हणजे पदाची खरी दीक्षा. कॉलेज ना-नफा संस्था असल्यामुळे सभेसाठी मागवलेल्या पिझ्झावर विक्रीकर द्यावा लागत नाही. पण दुकानात हा कागद दाखवायचा राहिला आणि पावतीवर कर लागला, तर तेवढे पैसे मागवणाऱ्याच्या खिशातून जातात. सगळं बदलायला निघालेला अध्यक्ष दुसऱ्या आठवड्यात नऊ डॉलर चाळीस सेंटसाठी माझ्याशी हुज्जत घालत असतो. आमची ओळख तिथून व्हायला लागते.

पोडिॲट्री म्हणजे काय ते इथेच सांगून टाकते, कारण ते सांगत राहणं हेच पदाधिकाऱ्याचं अर्धं काम. पदवी झाल्यावर चार वर्षांचं कॉलेज, मग तीन वर्षं इस्पितळात रेसिडेन्सी. पहिली दोन वर्षं इतर कुठल्याही वैद्यकीय कॉलेजसारखी शरीररचना, औषधशास्त्र, मुडद्यांची चिरफाड. पुढची दोन दवाखान्यात. वाकड्या बोटापासून मोडलेल्या घोट्यापर्यंतची ऑपरेशनं ही मंडळी करतात, मधुमेहाने सडायला लागलेला पाय कापावा लागू नये म्हणून झटतात. घोट्याच्या वर कुठपर्यंत हात लावायचा हे मात्र प्रत्येक राज्याचा कायदा आपापल्या परीने सांगतो. त्यांची राष्ट्रीय संघटना १९१२ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्या नावात ‘चिरोपोडिस्ट’ असा शब्द होता. १९५८ मध्ये नाव बदललं, १९८४ मध्ये पुन्हा बदललं. एवढं करूनही विमानातला शेजारी विचारतोच, ‘म्हणजे लहान मुलांचे डॉक्टर का?’

त्यामुळे प्रत्येक पदाधिकाऱ्याकडे या खुलाशाच्या तीन आवृत्त्या तयार असतात. पहिली लिफ्टमधली, ती तिसऱ्या मजल्याला संपते. दुसरी जेवणाच्या टेबलावरची. तिच्यात मधुमेहाच्या जखमेचं वर्णन येतं, त्यामुळे ती सहसा पूर्ण होत नाही. तिसरी नव्या मुलांच्या स्वागताला, माइकवरून. ‘माणसाच्या शरीरात २०६ हाडं! त्यांतली ५२ दोन पावलांत! म्हणजे पाव सांगाडा आपल्याकडे आहे!’ टाळ्या पडतात. पाव सांगाडा ताब्यात आल्यावर उरलेला फार दिवस विरोधात बसणार नाही, असा एकूण सूर. श्रोत्यांत भारतीय तोंडं दिसली तर याला वेल्लोरची पुरवणी जोडली जाते. पॉल ब्रँड नावाच्या शल्यविशारदाने तिथे कुष्ठरोग्यांवर काम करताना दाखवून दिलं, की त्यांचे पाय रोगाने आपोआप झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे लागलेलं कळत नाही, कळत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. ब्रँड पुढे अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलला आले आणि हाच धडा मधुमेहाच्या पायांना लागू पडला.

हे सगळं खरं आहे. पदाधिकाऱ्याची पंचाईत तीच असते. तो बोलतो त्यातलं अक्षर न् अक्षर खरं असतं आणि तरी ऐकणारा त्याच्या खांद्यावरून पलीकडे, कुणी ओळखीचं दिसतंय का ते बघत असतो. हृदयाच्या डॉक्टरला हृदय महत्त्वाचं असतं हे कुणाला पटवावं लागत नाही. पाय मात्र सगळ्यांना असून कुणालाच त्यांच्याविषयी ऐकायचं नसतं. अशा खात्याचा प्रतिनिधी जरा मोठ्याने बोलणारच.

मी ज्याच्याविषयी सांगणार आहे तो एडिसनचा. न्यू जर्सीतलं एडिसन, जिथे ओक ट्री रोडवर साड्यांपासून शेव-गाठीपर्यंत सगळं मिळतं. आईबाबा मूळचे डोंबिवलीचे. मराठी चांगलं बोलायचा, फक्त क्रियापदं इंग्रजीतून उसनी आणून त्यांना ‘करणे’ जोडायचा. ‘मी रूम रिझर्व्ह केली होती, पण त्यांनी ती डबल-बुक करून टाकली.’ आता डोंबिवलीतही असंच बोलतात म्हणा. चारचौघांत तो इतर मुलांसारखी मला पहिल्या नावाने हाक मारायचा. दार लोटलं की काकू. पैसे अडकलेले असले की दार न लोटताही काकू.

मुलगा डॉक्टर होणार याचा आईला आनंद होता, फक्त कशाचा ते सांगताना तिचा आवाज खाली जायचा. ‘ऑर्थोपेडिकसारखंच असतं ते,’ असं ती मंडळातल्या बायकांना सांगायची. ते कानावर आलं की हा कळवळून ‘आई, सारखंच नाही!’ म्हणत दुसरी आवृत्ती सुरू करायचा, आणि बायका वाटली डाळ तशीच ठेवून उठायच्या. आजोबा डोंबिवलीतच होते. ‘आज बनियनचं ऑपरेशन बघितलं’ असं त्याने व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येतं त्याला इंग्रजीत तसं म्हणतात, हे सुनेने फोनवर समजावून देईपर्यंत नातू शिवणकामाला लागला अशीच त्यांची समजूत होती.

तो अध्यक्ष झाला बिनविरोध. बहुतेक सगळे तसेच होतात, कारण डोक्यावर बोर्डाच्या परीक्षेची टांगती तलवार असताना शहाणी मुलं असल्या भानगडीत पडत नाहीत. पण समोर कुणी नाही म्हणून याने प्रचार सोडला नाही. पोस्टर लावली, स्लाइड्ससह भाषण केलं, भाषणात ‘माझ्या प्रतिस्पर्ध्यांचाही मी आदर करतो’ असं वाक्य होतं. निवडून आल्यावर त्याने गळ्यातल्या पट्ट्याला संघटनेच्या कपाटाची, स्टोअररूमची आणि प्रोजेक्टरच्या पेटीची किल्ली अडकवली आणि जुन्या वाड्यातल्या सासूसारखा तो जुडगा वाजवत फिरायला लागला. त्या कपाटात काय होतं ते मला माहीत आहे. कागदी प्लेट्स आणि गेल्या वर्षीचे न खपलेले टी-शर्ट. टी-शर्टांवर पायांवरून केलेली एक कोटी असते. दर वर्षी तीच, फक्त रंग बदलतो.

संघटनेची सभा सात जणांची: अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि वर्गांचे तीन प्रतिनिधी. सात माणसं आपल्याकडे पारावर बसून काय ठरवायचं ते ठरवून मोकळी होतील. इथे तसं चालत नाही. हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी अभियंत्यावर एकदा चर्चमधली सभा चालवायची पाळी आली आणि ती हाताबाहेर गेली. त्याने ते इतकं मनाला लावून घेतलं की पुढे १८७६ मध्ये सभा चालवण्याच्या नियमांचं पुस्तकच लिहिलं. अमेरिकेतल्या यच्चयावत संघटना त्यावर चालतात आणि आमचे अध्यक्ष तर ते उशाला घेऊन झोपत असावेत. साधे चीज पिझ्झे तीनऐवजी चार मागवावेत असा ठराव एकदा आला. त्याला अनुमोदन मिळालं. मग चारऐवजी ‘किमान चार’ अशी दुरुस्ती सुचवली गेली. दुरुस्तीला उपदुरुस्ती आली, हरकतीचा मुद्दा आला, शेवटी ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. एवढ्यात दार वाजलं आणि पिझ्झे आत आले. सचिवाने ते सभेआधीच मागवून ठेवले होते. ही सचिव म्हणजे युटातून आलेली एक अबोल मुलगी. संघटनेची सगळी कामं तीच करायची, फक्त ती झाली हे अध्यक्षाला इतिवृत्तातून कळायचं.

पिझ्झे असतात दुपारच्या व्याख्यानांसाठी. फुकट जेवण ठेवल्याशिवाय मुलं व्याख्यानाला येत नाहीत आणि मुलं आल्याशिवाय वक्ता येत नाही, हे या व्यवसायाचं अर्थशास्त्र अध्यक्षाला पहिल्या महिन्यात उमगतं. वक्ते असतात कुठल्या तरी इस्पितळातले सर्जन, नाहीतर स्क्रू आणि प्लेटा विकणाऱ्या कंपन्यांचे लोक. पडद्यावर काळं पडलेलं बोट, समोर काळ्या ऑलिव्हचा पिझ्झा, आणि शंभर मुलं दोन्हींचा समाचार घेताहेत असं ते दृश्य असतं. माझी पोळीभाजी मी पडद्याकडे पाठ करून खाते. अध्यक्ष मात्र खात नाही. तो दारात उभा राहून डोकी मोजतो.

डुकराच्या पायांचं प्रकरण याच काळातलं. टाके घालायचा सराव मुलं डुकराच्या पायांवर करतात; कातडी माणसाच्या कातडीच्या त्यातल्या त्यात जवळची आणि खाटकाकडे स्वस्त मिळते. सर्जरी क्लबची कार्यशाळा शनिवारी होती. शुक्रवारी सकाळी मी डबा ठेवायला कचेरीचा फ्रिज उघडला, तर खालच्या तिन्ही कप्प्यांत पारदर्शक पिशव्यांतून गुलाबी पावलं नीट ओळीने लावून ठेवलेली आणि वरच्या कप्प्यात माझ्या दह्याला टेकून आणखी एक पिशवी. शाकाहारी बाईने त्या वेळी जे म्हणायचं ते मी मराठीत म्हणाले. बाकी कुणाला कळलं नाही, पण ज्याला कळायला हवं होतं तो पळत आला.

खरी मौज सोमवारी झाली. पावती हिशेब खात्याकडे गेली: डुकराचे पाय, चाळीस पौंड. हिशेब खात्याच्या नियमांत जे काही खाण्याच्या दुकानातून येतं ते जेवण. आणि जेवण म्हटलं की कोणी कोणी खाल्लं त्याची यादी जोडावी लागते. यादीशिवाय पैसे मिळणार नाहीत, असं उत्तर आलं. अध्यक्षाने इमानदारीत यादी केली. अडतीस नावं, प्रत्येकापुढे सही आणि खाली एक ओळ: ‘वरीलपैकी कुणीही खाल्लेलं नाही.’ हिशेब खात्याने उलट विचारलं, मग एवढं अन्न वाया का घालवलं? शेवटी मी त्यावर ‘शैक्षणिक साहित्य’ असा शिक्का मारला तेव्हा कुठे ते मिटलं. संध्याकाळी त्याने मला दह्याचा नवा डबा आणून दिला. किराण्याच्या दह्यावर आमच्या राज्यात मुळात करच नाही, तरी पठ्ठ्याने करमाफीचा फॉर्म दाखवून आणला होता.

गेली काही वर्षं या कॉलेजांकडे येणारे अर्ज घटताहेत. वरच्या मंडळींनी त्यावर समित्या नेमल्या आहेत. आमच्या अध्यक्षाने तो स्वतःवर झालेला वार समजून घेतला. बाविशीच्या आतला कुणीही माणूस त्याच्या लेखी भावी विद्यार्थी. कॉफी देणाऱ्या मुलीला, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्याच्या मदतनिसाला, माझ्या भाच्याला, सगळ्यांना त्याने ‘पुढे काय करायचं ठरवलंयस?’ असं विचारून खिशातली घडीपत्रिका दिलेली आहे. भाचा तेव्हा सातवीत होता. मॅरेथॉनच्या दिवशी ही मुलं शर्यत संपते तिथे तंबूत बसून धावणाऱ्यांच्या पायांचे फोड फोडतात. तिथेही बेचाळीस किलोमीटर धावून आडव्या झालेल्या एका तरुणाला याने उभ्या-उभ्या प्रवेशाच्या तारखा सांगितल्या. तरुण पळून जाऊ शकत नव्हता, ही त्यातली जमेची बाजू.

वॉशिंग्टनला तो विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या डेलिगेटांबरोबर गेला. निळा सूट आणि खाली पळायचे बूट, कारण संसदेच्या लांबलचक लाद्यांवर दिवसभर चामडी बूट घालून फिरणं हे त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. जायच्या आधी सगळं भाषण माझ्यावर तालीम करून झालं. प्रश्न असा आहे की म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, पायांचे डॉक्टर फार पूर्वीपासून डॉक्टर म्हणून धरले जातात. पण गरिबांच्या विम्यात, मेडिकेडमध्ये, ते धरायचे की नाही हे राज्यांच्या मर्जीवर सोडलेलं आहे. हे बदलण्यासाठी ‘हेल्प’ नावाचं एक विधेयक आहे. त्याच्या स्पेलिंगात दोन एल आणि दोन पी आहेत, कारण पूर्ण नावातली सगळी आद्याक्षरं कुठे तरी कोंबायची होती. हे विधेयक अधिवेशनामागून अधिवेशन येतं आणि राहतं.

खासदार काही भेटले नाहीत. भेटला त्यांचा मदतनीस, वय याच्याएवढंच. त्याने मान डोलावून सगळं टिपून घेतलं आणि जाता जाता आवाज खाली आणून विचारलं, की सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाच फार दुखते, ते कशाने? पुढची बैठक म्हणे कॉरिडॉरमध्ये झाली. मदतनीस भिंतीला हात लावून एका पायावर उभा, आणि आमचे अध्यक्ष सुटासकट गुडघ्यावर बसून त्याच्या तळव्याची शीर अंगठ्याने दाबताहेत. ‘काकू, ही वॉज सो हॅपी!’ विधेयकाचं काय झालं, असं मी विचारलं. ‘ते पुढच्या वर्षी.’

त्याचं खरं काम मी पाहिलं ते मात्र मंडळाच्या गणपतीत. आमचा गणपती चतुर्थीच्या जवळच्या शनिवारी एका शाळेच्या जिममध्ये बसतो. बुटांचा ढीग दाराबाहेर आणि आत सगळी पावलं अनवाणी. एडिसनहून आईबाबांना घेऊन तो मुद्दाम आला होता, झब्बा-बिब्बा घालून. इकडची मुलं मोठ्यांना नमस्कार करताना हात गुडघ्यापर्यंत नेऊन काम भागवतात. हा पार खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. आशीर्वाद देऊन झाला तरी मुलगा उठेना, म्हणून एका आजींनी घाबरून विचारलंही, ‘उसण भरली का रे बाळा?’ उसण कसली! पावलाच्या वरच्या अंगाला, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या रेषेत, एक नाडी लागते. दुसरी घोट्याच्या आतल्या हाडामागे. तो दोन-दोन बोटं लावून रांगेने सगळ्या ज्येष्ठांच्या नाड्या बघत चालला होता, आणि ज्येष्ठ मंडळी एकमेकांना सांगत होती की इथे वाढूनही काय संस्कार आहेत बघा.

रांगेच्या शेवटी एक काका होते, मधुमेहाचे जुने मानकरी. त्यांच्यापाशी तो जरा रेंगाळला आणि झब्ब्याच्या खिशातून प्लॅस्टिकच्या मुठीला लावलेला एक नायलॉनचा दोरा काढला. हा दोरा कातडीवर टेकवून दाबला की बरोबर दहा ग्रॅमच्या जोराला वाकतो. तेवढं टोचलेलं ज्याला कळत नाही, त्याच्या पायाला धोका आहे असं धरतात. ‘काका, डोळे मिटा. लागलं की हो म्हणायचं.’

‘हो.’

‘अजून लावलं नाही काका.’

‘बरं. हो.’

काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. हो म्हणायला त्यांना विषय कळावा लागत नसे. याने त्यांना दुसऱ्यांदा समजावलं, मग तिसऱ्यांदा, आणि त्यांच्या अंगठ्याच्या गादीवर दोरा टेकवला. दोरा धनुकलीसारखा वाकला. काका डोळे मिटून शांत बसलेले. ‘कधी लावतोस रे?’ त्यांनी विचारलं. त्याने जागा बदलली, पुन्हा लावला. काका वाटच बघत होते.

मग त्याने पाय उचलून तळवा उजेडाकडे केला. अंगठ्याच्या खाली जाड घट्टा होता आणि घट्ट्याच्या मधोमध काळपट ओला ठिपका. काकांना पत्ता नव्हता. मोज्याला डाग पडतो तो कशाचा, हे काकूंना गेले काही दिवस कोडं होतं. मी मनात म्हटलं, आता ब्रँड येणार, वेल्लोर येणार, बावन्न हाडं येणार. काहीच आलं नाही. त्याने आपले स्वतःचे धुतलेले मोजे काकांच्या पायांत चढवले, एका डॉक्टरांचा नंबर लिहून दिला आणि काकूंना सांगितलं, ‘सोमवारी. मंगळवारी नाही.’ तिकडे आरतीला टाळ वाजायला लागले होते. आईने लांबूनच खूण केली, की आधी हात धू आणि मगच ताटाला हात लाव.

काकांचा पाय शाबूत आहे. ते हल्ली त्याचा उल्लेख ‘आमचे डॉक्टर’ असा करतात आणि डॉक्टरांनी सांगितल्यापासून घरातही चपला घालून फिरतात, देवघरातसुद्धा. त्यावरून काकू त्याच्यावर नाराज आहेत. आई अजूनही ‘ऑर्थोपेडिकसारखंच’ म्हणते, फक्त आवाज पूर्वीइतका खाली नेत नाही.

महिन्यातून एका शनिवारी ही मुलं बेघरांच्या निवाऱ्यात जाऊन पाय तपासतात. कोमट पाण्याच्या तसराळ्या, नखं कापायच्या जाड पकडी आणि पांढऱ्या मोज्यांचे गठ्ठे. दिवसभर रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला मोज्यांची केवढी किंमत असते ते तिथे कळतं. अध्यक्ष तिथेही नावनोंदणीचा तक्ता घेऊन उभा, कोण कुठल्या खुर्चीवर, कोण कितव्या नंबरला. मुलं वैतागायची. पण तिथे येणारे एक म्हातारे माजी सैनिक त्याला बघताच ताठ व्हायचे आणि कडक सलाम ठोकून ‘मिस्टर प्रेसिडेंट’ म्हणायचे. चेष्टा होती की नव्हती, ते आम्हा कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही. तो मात्र दर वेळी परत सलाम करायचा आणि मग खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला घ्यायचा. कॉलेजात ज्या हुद्द्याने त्याला कुणी हाक मारली नाही, तो हुद्दा त्याला तिथे मिळाला, हेही खरं.

वर्ष संपलं तेव्हा नव्या अध्यक्षाच्या हाती सूत्रं देण्यासाठी त्याने जाडजूड फाइल तयार केली. तिच्यात कुठल्या दुकानात पिझ्झा गरम येतो इथपासून ते माझ्याशी कधी बोलावं (सकाळी अकराच्या पुढे, चहा झाल्यावर) इथपर्यंत सगळं होतं. फ्रिजविषयी वेगळं प्रकरण होतं. नवा अध्यक्ष म्हणजे ॲरिझोनाची एक उंच मुलगी. तिने फाइल मांडीवर ठेवून माझ्या समोरच्या खुर्चीत बसत सांगितलं, की या वर्षी सगळं बदलायचं आहे.

आमचे चिरंजीव आता ओहायोत रेसिडेन्सी करतात. मध्यंतरी त्यांची ईमेल आली. कुठल्याशा राष्ट्रीय समितीवर तरुण प्रतिनिधी हवा आहे, त्यासाठी कॉलेजच्या लेटरहेडवर शिफारसपत्र हवं. ‘काकू, तुम्हाला त्रास नको म्हणून मीच ड्राफ्ट करून पाठवतोय.’ पत्र दीड पानी होतं. त्याच्या कारकिर्दीत सभांची उपस्थिती कशी वाढली, पिझ्झाचा दरडोई खर्च कसा खाली आला, वॉशिंग्टनमध्ये त्याने धोरणकर्त्यांशी किती निकटचा संपर्क साधला, सगळं सविस्तर. काकांचा त्यात उल्लेख नव्हता, तो मी घातला. सुरुवातीच्या ओळीतला ‘व्हिजनरी’ हा शब्द तेवढा खोडला आणि पत्र त्याच्याकडे परत पाठवलं. दहा मिनिटांत उत्तर आलं: ‘थँक यू काकू! मग त्या जागी डायनॅमिक चालेल का?’